काचेतली बाज

पुतण्याने बाज नेली ती न विचारता. धाकटी तेव्हा शेतात निंदणीला वाकलेली, सून शेजारच्या ओळीत, घराला नुसती कडी. हा चार माणसं घेऊन आला, पडवीतली बाज उचलली आणि चालता झाला. संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन धाकटी टेकायला गेली, तर टेकायला बाजच नाही. जमिनीत चार पायांचे चार खळगे तेवढे उरलेले.

"चोर असता तर घाबरत तरी आला असता," ती म्हणाली. "हा हक्काचा चोर. दिवसाढवळ्या आला, वर शेजारणीकडे पाणी मागून प्यायला."

"आई, भाऊजींनी निरोप ठेवलाय," सून चुलीशी वाकत म्हणाली. "थोरल्या सासूबाईंची आठवण म्हणून सभागृहात ठेवणार आहेत. वर्ष होतंय ना त्यांना जाऊन."

"आठवण! जिवंत होती तेव्हा तीन महिने खोकत होती. तेव्हा याला आईची आठवण यायची ती सही लागली की."

सून चुलीत लाकूड सारू लागली. सासूचा राग म्हणजे ओलं लाकूड, तिला माहीत होतं. फुंकलं तर धूर, नाही फुंकलं तरी धूर.

गावाला या दोघी जावांची नावं कधी लागलीच नाहीत. एक थोरली आणि एक धाकटी. धाकटीची सत्तरी उलटली, पुढचे दात गेले, पण थोरली वारली तरी ही धाकटीच राहिली. गाव डोंगराच्या पोटाशी, आणि डांबरी रस्ता खाली दोन कोसांवर. सहा वर्षांपूर्वी वर गाडीरस्ता आला. त्याआधीची चाळीस वर्षं गावातलं जे माणूस स्वतःच्या पायांनी खाली जाऊ शकलं नाही, ते या बाजेवरून गेलं. अडलेली बाई, झाडावरून पडलेला, साप चावलेला, फणफणलेलं पोर. थोरलीने हे काम आपणहून अंगावर घेतलं होतं. तिला ना कुणी सांगितलं, ना कुणी दिलं. घरातली झोपायची बाज काढली, खालून दोन लांब बांबू बांधले आणि तीन आळ्यांतून हिंडली. प्रत्येक आळीने चार खांदे द्यायचे. आधी लोक हसले. मग ज्याच्या घरी वेळ आली तो हसायचा थांबला. असं करत करत सगळं गाव हसायचं थांबलं.

गाडीरस्ता आल्यावर बाज पडून राहिली, पण पडवीतून हलली नाही. दर वर्षी पावसाच्या आधी धाकटी जुनं सुंभ उसवून नवं विणायची. लोक म्हणायचे, आता कशाला? धाकटी म्हणायची, "रस्ता आला म्हणून पाय तोडून टाकायचे का?"

बाज गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी दरड आली.

आठवडाभर पाऊस कोसळत होता. सकाळी मोठा आवाज झाला, कुणाला वाटलं ढग गरजला. दूधवाला खाली निघाला होता तो अर्ध्यातून परत आला, आणि नुसता मागे हात दाखवत राहिला. वळणाचा रस्ता पार दरीत गेला होता. उरली ती कडेची पाऊलवाट, तीही दगडमातीच्या ढिगावरून.

धाकटीने गोणपाटाची खोळ डोक्यावर घेतली आणि सभागृह गाठलं.

आत नव्या रंगाचा वास होता. भिंतीला लागून लाकडी कपाट, पुढून सगळी काच, काचेला पितळी कुलूप. कपाटात बाज. तिच्यावर असं काही चकचकीत पॉलिश मारलेलं की धाकटीने आधी ओळखलीच नाही. खाली चहूकडून गुंडाळलेली लाल मखमल, वर थोरलीचा फोटो. फोटोत थोरली घाबरल्यासारखी बघत होती. फोटो काढताना ती नेहमीच तशी बघायची, जणू कुणीतरी हाक मारली आहे आणि हिला जाऊ देत नाहीत.

पुतण्या खुर्च्या मोजून घेत होता. गावाचा कारभार त्याच्या हातात. पांढरे कपडे, चिखलातही पांढरेच.

"बाज दे," धाकटी म्हणाली.

"या काकी, बसा. चहा सांगू?" चारचौघांत तो तिला 'तुम्ही' म्हणायचा. भूक लागली की 'तू'.

"चहा पिऊन आलेय. बाज दे. रस्ता गेलाय."

"दोन दिवसांत मोकळा होतोय. मशीन येतंय, मी वर बोललोय."

"वर बोललास, पण दरड खाली गेलीय. तोवर कुणाला काही झालं तर?"

"काकी, बोलताना चांगलं बोलावं माणसानं."

"मी चांगलं बोलले की दरड परत वर चढणार आहे का?"

खुर्च्या मांडणारी पोरं हसली. पुतण्याचा चेहरा जरा ताठ झाला. "हे बघा, शनिवारी मोठे साहेब येणार आहेत फीत कापायला. पत्रिका वाटून झाल्या. आईचं काम गावापुढे यायला नको? पुढच्या पिढ्या ही बाज बघतील."

"बघून काय करतील?"

"प्रेरणा घेतील."

"ती कशात घालून नेतात?"

पोरं आता मोठ्याने हसली. पुतण्याने त्यांच्याकडे पाहिलं तशी ती गप्प झाली. "शनिवार होऊ दे," तो म्हणाला. "मग बघू." आणि पुन्हा खुर्च्या मोजू लागला. मोजणी चुकली होती, पहिल्यापासून सुरुवात केली. धाकटी उभी होती. तिला कुणी पुन्हा बस म्हटलं नाही.

घरी आल्यावर नातीने पत्रिका वाचून दाखवली. धाकटीची शाळा दुसरीतच संपलेली. अक्षरं ओळखीची, पण जोडाक्षरांशी वैर.

"'चूल आणि मूल सांभाळून चाळीस वर्षे एकटीने समाजसेवेचा वसा चालवणाऱ्या त्यागमूर्ती...'"

"पुढे."

"'या कार्यात त्यांना कुटुंबीयांचे सहकार्य लाभले.'"

"पुन्हा वाच ते."

नातीने पुन्हा वाचलं.

"सहकार्य म्हणजे?"

"मदत गं, आजी."

"कुणी केली?"

नातीने कागद उलटून पाहिला. "तसं नाही लिहिलेलं."

 धाकटीने सूप ओढलं आणि धान्यातले खडे निवडायला घेतले, पण हात असे चालत होते की खड्यांबरोबर चांगले दाणेही उडून जात होते.

चूल आणि मूल सांभाळून! थोरलीने चूल सांभाळली? थोरली चुलीवर भांडं ठेवायची आणि दारात कुणी 'वहिनी' म्हणून उभं राहिलं की तशीच निघायची. भांडं करपायचं. ते घासायचं कुणी? आणि मूल? हा पांढऱ्या कपड्यांतला पुढारी तेव्हा सात महिन्यांचा होता. थोरली बाजेबरोबर खाली गेली की दुपार व्हायची, कधी दुसरा दिवस. धाकटीचा स्वतःचा मुलगा पाच महिन्यांचा. एका बाजूला हा, एका बाजूला तो. याला भूक जास्त. तिचा स्वतःचा कमी पिऊन झोपायचा आणि हा दोन्हीकडचं ओढायचा. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"तुम्ही गावाच्या, आणि मी तुमच्या घरची मोलकरीण," असं तिने थोरलीला तोंडावर म्हटलं होतं. थोरली म्हणाली, "हो गं. तू नसतीस तर मला कुठं जाता आलं असतं?" म्हणाली, आणि दारातून निघूनही गेली. तिच्याशी नीट भांडताही यायचं नाही. भांडायला माणूस जागेवर लागतो.

पाचव्या वर्षी धाकटीची मुलगी गेली. मुलाच्या पाठची, तीन वर्षांची. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी सकाळी झटके यायला लागले. थोरली घरातच होती, माणसंही गोळा झाली, पण बाजेखालचे बांबूचे दांडे जागेवर नव्हते. धाकटीच्या नवऱ्याने आदल्या संध्याकाळी ते सोडून गोठ्याच्या कललेल्या छपराला टेकू दिले होते. एक रात्र तर लागणार, उद्या काढू, असं त्याच्या मनात. छप्पर उचलून धरायचं, दांडे काढायचे, पुन्हा बांधायचे, यात अर्धा तास गेला. पोरगी वळणाच्या आधी गेली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणलं असतं तर. डॉक्टरांना असं बोलायचा पगारच मिळतो की काय, कुणास ठाऊक.

थोरली दिराला एक शब्दही बोलली नाही, आणि जावेलाही नाही. फक्त त्या दिवसापासून बाजेचा कायदा झाला. दांडे बाजेपासून सुटायचे नाहीत. बाज पडवीत, तोंड वाटेकडे. तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत, पोरांना खेळू द्यायचं नाही. दार नाही, कुलूप नाही. ज्याला लागेल त्याने न विचारता न्यावी, फक्त परत आणावी.

धाकटी महिनाभर कुणाशी बोलली नाही. मग एके दुपारी तिने सुंभाचा गुंडा घेतला आणि बाजेचं झिजलेलं विणकाम उसवून नवं घालायला बसली. थोरलीला विणायला येत नव्हतं. तिची गाठ सुटायची. त्यानंतर दर वर्षी बाज धाकटीनेच विणली. दोघी एकमेकींशी धड बोलत नव्हत्या तेव्हाही.

आणि हे सगळं काय, तर सहकार्य.

गुरुवार, शुक्रवार निंदणीत गेले. दरड आली म्हणून तण थांबत नाही. पाण्यात पाय राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या झाल्या, सालपटं निघाली. दिवसभर वाकून उठताना धाकटी एक हात गुडघ्यावर, एक हात सुनेच्या खांद्यावर ठेवायची आणि मग वर सांगायची, "मी धरलंय तुला, पडशील." मशीन आलं नाही. आलं ते पलीकडे डांबरी रस्त्यावरच उभं राहिलं, असं दूधवाल्याने सांगितलं. ड्रायव्हर म्हणतो, माती अजून सरकतेय, मला पोरंबाळं आहेत.

शनिवारी सकाळी सुतार आला. अंगावर नुसता बनियन, भिजलेला. तो सभागृहाकडे गेला नाही, नर्सबाईच्या खोलीकडे गेला नाही. गावाचे पाय अजून याच पडवीकडे वळायचे.

"काकी, सून अडलीय. पहाटेपासून. नर्सबाई बसल्यात तिच्याजवळ, म्हणतात मूल आडवं आहे. इथं होणार नाही, खाली न्यायला हवं, आत्ता."

मग त्याची नजर रिकाम्या पडवीवर गेली. त्याने ओले हात बनियनला पुसले.

"चल," धाकटी म्हणाली. तिने सुनेला ओरडून सांगितलं, घोंगड्या आण, गोणपाट आण. मुलाला म्हणाली, आळ्यांतून फीर. आणि स्वतः सभागृहाच्या वाटेने जाताना दारादारांत थांबून हाका मारत गेली. थोरलीची हाक गोड असायची, भाऊ, दादा करून. हिला ते जमत नव्हतं. हिने शिव्या दिल्या. "अरे ए गवंड्या, बायकोच्या पदराआडून बाहेर ये! मास्तर, पुस्तक ठेवा, खांदा आणा! न्हाव्या, आज फुकट येणार आहेस, वस्तरा घरी ठेव!" शिव्यांना माणसं लवकर आली.

सभागृहापुढे मंडप उभा होता. पावसाने कापडाला पोटं सुटली होती. दारात शिपाई.

"किल्ली," धाकटी म्हणाली.

"किल्ली भाऊंच्या, तुमच्या पुतण्याच्या खिशात. भाऊ पहाटेच पाहुण्यांना आणायला खाली गेलेत. तुम्ही जरा थांबा काकी, येतीलच."

"बाळाला सांगून येऊ का थांब म्हणून?"

"तसं नाही, पण माझी नोकरी..."

"तुझी नोकरी मी नाही फोडत. बाजूला हो."

मंडपाचे खड्डे खणलेली पहार भिंतीला टेकून होती. धाकटीने ती दोन्ही हातांनी उचलली. जड होती. पहिला घाव बसला तो लाकडावर. पहार हातांतून निसटायला आली, मनगट लचकलं. गवंडी म्हणाला, "काकी, आणा इकडे." तिने दिली नाही. दुसरा घाव काचेवर बसला. काच आधी नुसती तडकली, थोरलीच्या फोटोखाली आडवी रेघ गेली, आणि मग सगळी एकदम मखमलीवर आली.

चौघांनी बाज बाहेर ओढली. धाकटीने सवयीने हात खाली घातला, दांडा चाचपायला. दांडा हाताला लागला आणि लगेच संपला.

तिने मखमल ओढून टाकली. दोन्ही दांडे बाजेच्या लांबीला बरोबर कापलेले. करवतीचं काम, सरळ आणि स्वच्छ. टोकांवर पॉलिश. पुढे हातभर, मागे हातभर जे खांद्यावर घ्यायचं, तेच नव्हतं.

धाकटीने कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. 

"हे कुणी केलं?"

सुतार खाली बसला. चिखलातच बसला. "मी," तो म्हणाला. "कपाटात मावत नव्हते. भाऊ म्हणाले, काप, आता शोभेलाच ठेवायचेत. मी म्हटलं, काकींना विचारू या का? ते म्हणाले, काकींना काय कळतं यातलं. मी कापले, काकी. या हातांनी कापले."

धाकटीच्या तोंडात जे आलं ते तिने गिळलं. पन्नास वर्षांत तिने गिळलेली ही बहुधा दुसरी गोष्ट.

"ऊठ," ती म्हणाली. "रडायचंय ते खाली जाऊन रड. आधी हात चालव. मंडपाचे बांबू काढ. पुढचे दोन, कोवळे नकोत, पोसलेले बघ."

"काकी, मंडप पडेल," शिपाई म्हणाला.

"पडू दे. त्याच्याखाली कोण बसणार आहे? तू?"

पुढचे दोन बांबू निघाले तसा मंडप गुडघ्यावर आला. आत साठलेलं पाणी पहिल्या ओळीतल्या गादीच्या खुर्च्यांवर ओतलं गेलं. मास्तर म्हणाले, "पाहुण्यांची सोय झाली." कुणीच हसलं नाही, पण सगळ्यांनी ऐकलं. सुताराने बांबू बाजेखाली बांधले.  दोरी ओढून धाकटीने प्रत्येक गाठ स्वतः पाहिली, एक सोडून पुन्हा मारली. सुंभावर पॉलिश बसून ते वेताच्या छडीसारखं ताठ झालं होतं, अंग धरणारं नव्हतं. वर गोणपाटाच्या तीन घड्या, त्यावर घोंगडी, आणि वरून मंडपाचं प्लॅस्टिक.

सुताराची सून एकोणीस-वीसची. ओठ चावून चावून फुटलेले. बाजेवर घेताना ती ओरडली नाही, फक्त धाकटीचं लचकलेलं मनगट तिने असं धरलं की धाकटीच्याच डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"धर," धाकटी म्हणाली. "तुझंच आहे. दुसरंही आहे माझ्याकडे."

निघाले. उतारावर डोकं चढाकडे, पाय पुढे. उंच माणसं पुढच्या बाजूला, बुटकी मागे. धाकटी बाजेच्या उजवीकडे, नर्सबाई डावीकडे, सलाइनची बाटली न्हाव्याच्या हातात उंच धरलेली.

"पावलं जुळवू नका," धाकटी ओरडत होती. "एकाचं पडलं की दुसऱ्याचं उचला. जुळली की बाज झुलते, पोरीला ओकारी येते. मास्तर, कवायतीला आलात का?" हे सगळं थोरलीचं बोलणं होतं. चाळीस वर्षं पडवीत उभं राहून वाटेवरून ऐकलेलं. थोरली इतक्या वेळा गेली त्या वाटेवर बाजेबरोबर धाकटी आयुष्यात एकदाच चालली होती, आणि त्या दिवशी तिला काही ऐकू आलं नव्हतं.

पहिली खांदेपालट पिंपळाशी, दुसरी पाण्याच्या टाकीशी. जागा ठरलेल्या होत्या, म्हाताऱ्यांना पाठ होत्या, तरण्यांना दाखवाव्या लागल्या. खांद्यांची सालं निघत होती. मंडपाचा बांबू रंधलेला नव्हता, पेराच्या गाठी टोचत होत्या. अर्ध्या वाटेवर नर्सबाईच्या फोनला रेंज आली. गाडीला खाली उभं राहायला सांगितलं.

दरडीच्या ढिगाशी पुतण्या भेटला. एकटाच होता. पाहुण्यांनी चिखलाचा रस्ता ऐकून गाडी परत फिरवली होती. हातात छत्री, कपडे पोटऱ्यांपर्यंत लाल, चेहरा पडलेला. त्याने आधी बाज पाहिली, मग बांबू, मग बांबूला चिकटलेला मंडपाचा झालरीचा तुकडा.

"काकी, हे काय? काच...?"

"छत्री मीट. गवंड्याचा पाय मुरगळलाय, त्याच्या जागी लाग."

"पण निदान मला निरोप..."

"वाट अडवून बोलू नकोस! लाग म्हटलं ना!"

तो लागला. लागण्यावाचून इलाज नव्हता. वाट एका माणसाची, समोर बाज, खाली दरी. ढिगावरून बाज खांद्यावर नेता येत नव्हती. माणसं रांगेत बसली, घट्ट टेकली आणि बाज मांड्यांवरून, हातांवरून पुढे सरकवली. मागचा मोकळा झाला की पुढे जाऊन बसायचा. खालची माती सुटून दरीत जात होती, तिचा आवाज यायला वेळ लागत होता. सुताराची सून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. ती आकडे मोजत होती. शंभरपर्यंत जायची आणि पुन्हा एकपासून.

पलीकडे गेल्यावर पुतण्याने खांदा दिला तो शेवटपर्यंत. धापा टाकत होता, पावलं जुळवत होता, आणि धाकटी दर दहा पावलांवर त्याला ओरडत होती. पण बाज त्याने खाली सोडली नाही. हेही सांगायला हवं.

गाडी उभी होती. सून आत, नर्सबाई आत, नवरा आत. दार लागलं. उरलेली माणसं टपरीच्या पत्र्याखाली बसली. सुतार रस्त्यावरच उभा राहिला, गाडी गेली त्या दिशेला तोंड करून, पावसात. चहा आला, गार झाला. धाकटीचं मनगट सुजून दुप्पट झालं होतं. तिने ते मांडीवर ठेवलं होतं, कुणा दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखं.

दोन तासांनी धाकटीच्या मुलाच्या फोनवर सुताराच्या पोराचा फोन आला. मुलगी झाली होती, पोट फाडून. आई वाचली. रक्त चढवत होते. डॉक्टर म्हणाला, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर दोन्ही गेल्या असत्या.

सुतार रडला. मास्तरांनी नाक शिंकरलं आणि पावसाला शिव्या दिल्या. धाकटी उठली आणि टपरीच्या मागे जाऊन जरा वेळ एकटी उभी राहिली. परत आली तेव्हा पुतण्या फोनवर बोलत होता. आवाज पुन्हा भाषणाचा झाला होता.

"साहेब, काय सांगू! आईच्या बाजेनं आज दोन जीव वाचवले. हो, खरीखुरी घटना, आजची. मीसुद्धा खांदा दिला, साहेब. हो, चिखलातून. उद्या याच तुम्ही, पेपरवाल्यांनाही सांगतो. ही बाज म्हणजे गावाचा ठेवा आहे, साहेब."

फोन ठेवून तो तिच्याकडे वळला. डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. लहानपणी पोट भरलं की असायचं, तसं.

"काकी, तू मनाला लावून घेऊ नकोस. काचेचं मी बघतो. आज संध्याकाळपर्यंत नवी काच मागवतो. बाज पुसून घेऊ, दांडे परत बेताचे करू, उद्या दुपारी कार्यक्रम. तू पुढच्या रांगेत बस. तुझंही नाव घेतो मी भाषणात."

टपरीखालची माणसं चहाचे कप घेऊन तशीच थांबली. सोबत आलेला शिपाई खाली बघू लागला.

धाकटीने पदराने तोंड पुसलं. मग बोलली, ओरडून नाही, पण पलीकडे उभ्या मशीनच्या ड्रायव्हरलाही ऐकू जावं एवढ्या आवाजात.

"बाज माझ्या पडवीत जाईल. आज, आत्ता, याच माणसांच्या खांद्यावरून. दांडे आहेत तेवढेच लांब राहतील. त्यांना करवत लागली तर त्याच करवतीने तुझा हातही सुतार कापेल, मी सांगून ठेवते. तुझ्या आईचं आणि माझं कधी पटलं नाही. माझं अर्धं आयुष्य तिने फुकट वापरलं, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलं. पण तिने उचललेलं ओझं एकदाही कुणाला दाखवायला उचललं नाही. तुला दाखवता येतं, उचलता येत नाही. आज खांदा दिलास तो वाट अडली म्हणून, आणि अजून खांद्याची लाली उतरली नाही तोवर फोनवर विकलास. माझं नाव तुझ्या तोंडातून नको. काच बसवायची हौस आहे ना, बसव. चांगली जाड बसव. आणि तिच्यात तू उभा राहा, पांढरे कपडे घालून. या गावाला तुझा बघण्यापलीकडे काही उपयोग नाही."